तिसऱ्या प्रहराची पायवाट



परक्या मुलखाची भाषा माणूस बाजारात शिकतो, व्यवहार नोकरीत शिकतो. परंतु तो मुलूख आपलासा व्हावयाचा तर त्यातून पायी हिंडावे लागते. आजच्या व्याख्यानात मला एवढेच मांडावयाचे आहे.

ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या व्याकरणाविषयी येथे पुष्कळ बोलले गेले आहे. त्यांच्या चालण्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली, जेवणे झाली, की तिसऱ्या प्रहरी ते आम्हां पाच-सात मुलांना घेऊन निघत. उधन्याची वस्ती मागे पडली की बमरोलीकडचा गाडीरस्ता लागे. कडेला बाभळी, मधूनच एखादा ताड, काळ्या जमिनीत ज्वारीची शेते आणि पुढे खाडी. घाई कसलीच नसे. थंडीच्या दिवसांत एखादा शेतकरी ओंजळीत पोंक घाली. आपल्याकडचा हुरडाच तो. पण त्यावर शेव आणि लिंबू घेण्याची सुरती रीत आम्ही त्या बांधावर शिकलो. पाणी कोणत्या अंगाला उतरते, पावसाळ्यात ते कोठवर चढते, हे गुरुजी आम्हांला गावकऱ्यांकडूनच विचारून घ्यावयास लावीत.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी खान्देशातील. सुरत-भुसावळ लोहमार्गाने ती पोटासाठी येथे आली. परंतु तापी त्याहून जुन्या वाटेने येते. मुलताईला उगम पावून, चांगदेवला पूर्णेला आणि प्रकाशे येथे गोमाईला भेटून, ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेजवळ समुद्रास मिळते. ज्या नदीच्या काठी आपले आजे-पणजे वाढले, तिच्याच मुखाशी आपण राहतो. भूगोलाच्या पुस्तकात हे होतेच. तापीकाठी चालताना ते मनात उतरले.

या नात्याची साक्ष देणारी थोर माणसेही आहेत. साताऱ्यात १८८५ साली जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांना गांधीजींनी ‘सवाई गुजराती’ म्हटले. नद्यांवरील आपल्या गुजराती पुस्तकाला काकासाहेबांनी ‘लोकमाता’ हे नाव दिले. १९३० च्या दांडीयात्रेत पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे पायी चालत होते. ती यात्रा १ एप्रिलला सुरतेस पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी दिंडोलीस गेली. ज्या दिंडोलीत आज घरोघरी अहिराणी कानी पडते, तीच ही दिंडोली.

आज तो गाडीरस्ता राहिलेला नाही. शेतांच्या जागी यंत्रमाग, गिरण्या आणि चाळी उभ्या राहिल्या. यात दुःख करण्याजोगे सारेच नाही; त्याच मागांवर आपल्या आई-वडिलांनी आपल्याला शिकविले. दुःख याचे की, आता मुलांच्या तोंडी खाडी म्हणजे ‘गटार’. पावसाळ्यात खाडीपूर आला, घरात कमरेइतके पाणी शिरले, की आपण म्हणतो, पाणी आपल्या घरात आले. जुने गावकरी म्हणत, घर पाण्याच्या वाटेत आले. दोन्ही वाक्यांत पूर तोच. पण दुसरे वाक्य बोलावयास ती वाट पाहिलेली असावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने तापीला आलेल्या महापुरात शहराचा फार मोठा भाग बुडाला, तेव्हा कोणता रस्ता उंचावर आहे हे ठाऊक असणे किती मोलाचे, ते सर्वांना कळले.

आशेचीही जागा आहे. बमरोलीत २०१४ साली सुरू झालेला प्रकल्प शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसराच्या कारखान्यांना पुरवितो; त्याची क्षमता दररोज ४ कोटी लिटरची आहे. मलिन पाणी पुन्हा कामाला लावता येते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे.

म्हणून शाळेच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे. दरवर्षी पौषात एक दुपार अभ्यासक्रमातून मोकळी करावी. शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मुलांना खाडीकाठाने सावकाश चालवावे. कोणता नाला कोठे मिळतो, कोठे बुजला, हे मुलांनी वहीत रेखाटावे. दहा वर्षांत त्या वह्यांतून या भागाच्या पाण्याचा नकाशा तयार होईल. तो काढणारी मुले या गावाला परके म्हणणार नाहीत. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.