एक पेटी घरात आणताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा पापड-लोणच्यांचा विषय मला सुचला होता. पण गेल्या काही महिन्यांत आपल्या गल्लीत घरोघरी ब्रॉडबँड येऊ लागले आहे, आणि त्या पेटीची निवड करताना मी स्वतः फसले आहे. ठेच मला लागली. शहाणपण आपण सर्वांनी वाटून घ्यावे, म्हणून हा विषय.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि मुलांचे वर्ग मोबाईलवर आले. आमची मुलगी माळवदाच्या जिन्यात बसून धडे ऐकत असे, कारण खाली आवाज तुटत असे. मी घाईने लातूरच्या बाजारातून चार अँटेनांची सुरेख पेटी आणली. जोडणारा मुलगा आला, त्याने पेटी उलटून पाहिली आणि म्हणाला, "काकू, ही तांब्याच्या तारेची. तुमच्याकडे तर काचेची तार आली आहे." पैसे वाया गेले. दोष दुकानदाराचा नव्हे. मी विचारलेच नव्हते.

तेव्हा पहिला प्रश्न हाच : घरात तार कोणती येते? २००५ साली भारत संचार निगमने ब्रॉडबँड सुरू केले ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. तिला एक मोडेम लागे. आता येते ती केसासारखी बारीक काचेची तार, म्हणजे फायबर. तिच्यातून प्रकाश येतो आणि तिला वेगळे यंत्र लागते. एकाची पेटी दुसऱ्याला चालत नाही. शिवाय फायबरची पेटी कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावी लागते. म्हणून बाजारात जाण्याआधी कंपनीलाच विचारावे की, बाहेरची पेटी चालेल का.

आता पेटीच्या पोटात काय असते? मोडेम हा दुभाषी. बाहेरची भाषा तो घरच्या भाषेत सांगतो. राउटर हा पंगतीतला वाढपी. आलेले अन्न तो ज्याच्या त्याच्या पानात वाढतो. वायफाय म्हणजे ते बिनतारी वाढणे. तिन्ही कामे एकाच पेटीत असली की जागा, तारा आणि खटपट वाचते. मात्र एक बिघडले की बहुधा सगळी पेटी बदलावी लागते. साध्या संसाराला एक पेटी पुरे; घर मोठे असेल तर वेगळा राउटर पुढे जोडता येतो.

पेटी दोन पट्ट्यांची घ्यावी. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. आपल्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती हातभर रुंद! योजना शंभर मेगाबिटहून अधिक वेगाची असेल, तर तार जोडण्याची जागा गिगाबिटची आहे ना, हेही पाहावे. अँटेना मोजून काही कळत नाही.

भगिनींनो, आता माझ्या मनातली गोष्ट सांगते. जोडणारा येतो तेव्हा पुरुषमंडळी ओसरीवर असतात, आणि पेटी ओसरीवरच बसते. मग माजघरात आणि स्वयंपाकघरात काही पोहोचत नाही. बचतगटाचा हिशेब आपण तिथेच करतो, आणि मुलगी अभ्यासाला तिथेच बसते. पेटी कुठे बसवायची हे त्या दिवशी आपण सांगितले पाहिजे : घराच्या मधोमध, डोक्याहून उंच, लोखंडी कपाट आणि धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांपासून दूर. आमची पेटी आता माजघराच्या कोनाड्याच्या वर आहे, आणि मुलीने जिना सोडला आहे.

वीज गेली की पेटीही झोपते. तिच्यासाठी छोटी बॅटरी मिळते. मात्र पेटीला किती व्होल्ट लागतात ते अडॅप्टरवर वाचूनच घ्यावी. कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा.

शेवटचे, परवलीच्या शब्दाविषयी. पेटीबरोबर आलेला शब्द त्याच दिवशी बदलावा, आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडावे. शेजारणीला हवे असेल, तर पाहुण्यांसाठी वेगळे नाव देण्याची सोय बहुतेक पेट्यांत असते. साखर उसनी द्यावी, पण कोठीची किल्ली देऊ नये! पेटी कंपनीची असेल, तर अनामत किती आणि परत कधी, हे पावतीवर लिहून घ्यावे.

पूर्वी घरात जाते कुठे मांडायचे ते बाईच ठरवीत असे. या पेटीचेही तसेच व्हावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.