पीसीओएस : गोळ्या, इंजेक्शनं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन
(मंडळाच्या महिला शाखेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पाच्या मंडपात हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. पण आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हा विषय आहे, आणि तो स्वयंपाकघरात कुजबुजत बोलला जातो. मंडपात मोठ्यानं बोललेलं बरं.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. फार्मसीची पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत आलेले, रुग्णालयाच्या औषध खिडकीमागे बसणारे आम्ही कर्मचारी. खिडकीतून चिठ्ठी आत येते, गोळ्या बाहेर जातात. चिठ्ठीबरोबर प्रश्नही येतात. त्यातला एक फार वेळा येतो : "भैया, गोळ्यांनी काही होत नाही. सरळ ऑपरेशन करून टाकलं तर?" उपचार ठरवणं आमचं काम नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं आम्ही नक्की सांगू शकतो.

आधी आजार समजून घेऊ. सोनोग्राफीच्या कागदावर 'पॉलिसिस्टिक' लिहून आलं की घरात "ओव्हरीत गाठी झाल्यात" असा गोंधळ उडतो. त्या गाठी नसतात. बीजांडकोशात दर महिन्याला पाण्याच्या बारीक पिशव्या वाढू लागतात. त्यातली एक पूर्ण वाढते, फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये या पिशव्या अर्ध्यावरच थांबतात आणि तशाच साचून राहतात. शरीरात इन्सुलिन वाढलेलं असतं, पुरुषी संप्रेरकं जास्त असतात, म्हणून हे घडतं. बीज बाहेर पडत नाही, पाळी लांबते आणि दिवस राहायला अडचण होते. साधारण दहा बायकांमागे एकीला हा त्रास असतो. तेव्हा कुणाच्या घराण्याला लागलेला हा डाग नव्हे.

गंमत म्हणजे या आजारावर ऑपरेशन आधी आलं, गोळी नंतर. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पोट उघडून दोन्ही बीजांडकोशांचा पाचरीसारखा तुकडा त्यांनी कापून काढला, आणि सातही जणींची पाळी सुरू झाली. पुढची तीसेक वर्षं हाच उपाय होता. पण पोट उघडल्यामुळे आत चिकटे तयार होत, म्हणजे बीजांडकोश आणि नळ्या आसपासच्या भागाला चिकटून बसत. एक अडचण सोडवताना दुसरी उभी राही. १९६०च्या दशकात क्लोमिफेनची गोळी आली आणि ते ऑपरेशन मागे पडलं.

पुढे दुर्बीण आली. १९८४ साली नॉर्वेच्या ग्योनेस या डॉक्टरांनी पोट न उघडता दुर्बिणीतून बीजांडकोशाला विजेच्या सुईनं काही ठिकाणी डाग देण्याची पद्धत मांडली. त्यालाच आज आपण 'ड्रिलिंग' म्हणतो. बेंबीजवळ छोटं छिद्र, पूर्ण भूल, प्रत्येक बाजूला साधारण चार टोचे, आणि बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी. पुरुषी संप्रेरक तयार करणारा थोडा भाग जळतो, त्याचं प्रमाण उतरतं आणि बीज बाहेर पडण्याचा रस्ता मोकळा होतो.

मग आज हा उपाय कितव्या क्रमांकावर आहे? दुसऱ्या. पहिल्यावर नाही.

पहिलं काम वजनाचं. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी आपोआप रुळावर येते. ऐंशी किलोच्या बाईनं चार ते आठ किलो कमी करायचे, इतकंच. सडपातळ बाईलाही पीसीओएस असतो, तिला मात्र हा सल्ला देत बसू नये.

त्यानंतर गोळी. आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लोमिफेन घेणाऱ्या १९ टक्के स्त्रियांना मूल झालं, तर लेट्रोझोल घेणाऱ्या २७ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना. या गोळीची खिडकीवर रोज एक अडचण येते. घरचा कुणी मोबाइलवर नाव शोधतो आणि घाबरून परत येतो : "ही तर कॅन्सरची गोळी!" खरं आहे, ती स्तनाच्या कर्करोगावरही देतात. पण तिथे ती वर्षानुवर्षं घ्यायची असते, इथे पाळीच्या सुरुवातीला फक्त पाच दिवस. आपल्या देशात २०११ साली वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी आली होती. २०१७ साली ती उठली. त्या बंदीची आठवण अजून लोकांच्या मनात आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

गोळ्यांनी बीज बाहेर पडतच नसेल, तर दोन वाटा फुटतात : रोजची हार्मोनची इंजेक्शनं, किंवा ड्रिलिंग. इथे थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे.

इंजेक्शनं गुणकारी आहेत, पण त्यांना पहारा लागतो. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करावी लागते. एकाच वेळी अनेक बीजं तयार झाली तर जुळी-तिळी राहतात, बीजांडकोश सुजून पोटात पाणी साचू शकतं. विजयनगरला राहणाऱ्या बाईला हा पहारा जमेल. खरगोनजवळच्या खेड्यातून बस बदलत येणाऱ्या बाईला तो कसा जमणार? तिच्यासाठी एकदाच होणारं ड्रिलिंग खरोखर सोयीचं ठरू शकतं.

नेदरलँड्समध्ये क्लोमिफेनचा उपयोग न झालेल्या १६८ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना थेट इंजेक्शनं दिली. बाकीच्यांना आधी ड्रिलिंग, गरज पडली तर गोळी, त्यानंतरही गरज पडली तर इंजेक्शनं. वर्षाअखेर दोन्हीकडे ६७ टक्के स्त्रियांची गर्भधारणा टिकली. ड्रिलिंगच्या गटात जुळ्यांचा धोका बराच कमी होता. पण नुसत्या ऑपरेशनवर यश आलं ते फक्त ३४ टक्क्यांना. बाकीच्यांना पुन्हा औषधाकडे यावंच लागलं. म्हणून "एकदा ऑपरेशन केलं की गोळ्यांची कटकट संपली" असं कुणी सांगितलं, तर ते अर्धंच सत्य समजा.

ऑपरेशनची किंमतही मोजली पाहिजे. भूल आहे. चिकट्यांची शक्यता दुर्बिणीत कमी झाली, संपली नाही. आणि सुई लागते तिथली बीजंही जळतात. स्त्रीबीजांचा साठा जन्मापासून ठरलेला असतो, त्यात भर पडत नाही. जास्त टोचे किंवा पुन्हा पुन्हा ड्रिलिंग म्हणजे त्या पुंजीलाच हात. म्हणून मुलीच्या चेहऱ्यावर केस आले, मुरुमं आली, पाळी अनियमित आहे, "लग्नाआधीच करून टाकू" असं कुणी म्हणालं, तर ठाम नाही म्हणा. ड्रिलिंग हा मूल हवं असतानाचा उपाय आहे, आणि तोही गोळ्या चालल्या नाहीत तर. पीसीओएस त्यानं मुळापासून जात नाही. मधुमेहाची आणि रक्तदाबाची तपासणी पुढेही करत राहावी लागते.

अलीकडे वजन फारच जास्त असलेल्या स्त्रियांना पोटाचं, म्हणजे जठर लहान करण्याचं ऑपरेशनही सुचवलं जातं. त्यानं पाळी सुधारते, पण नंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात. वय पस्तिशीकडे झुकलं असेल तर हा हिशेब आधी मांडावा.

आता ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारायचे प्रश्न. घरी जाऊन वहीत लिहून ठेवा.

एक : नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का?
दोन : लेट्रोझोल किती महिने, किती मात्रेत दिलं, आणि बीज बाहेर पडलं की नाही हे सोनोग्राफीनं किंवा रक्ताच्या तपासणीनं पाहिलं का? बीज बाहेर पडत असूनही दिवस राहत नसतील, तर कारण दुसरं असू शकतं आणि ड्रिलिंगचा उपयोग कमी.
तीन : बीजांचा साठा दाखवणारी एएमएच तपासणी झाली का?
चार : किती टोचे देणार? दुर्बीण आत जाणारच आहे, तर नळ्या मोकळ्या आहेत का हे त्याच वेळी पाहणार का?
पाच : त्यानंतर काय? किती महिने वाट पाहायची आणि मग कोणतं औषध?

पहिला प्रश्न पहिला का, ते सांगतो. जवळच्या तहसिलीतली एक शिक्षिका सासूबाईंबरोबर खिडकीवर आली होती. ऑपरेशनची तारीख एका खासगी ठिकाणी ठरलेली, आगाऊ पैसे भरलेले. बोलत होत्या सासूबाईच, ती फायली छातीशी धरून उभी होती. फायलीत तिचे सतरा कागद. नवऱ्याचा एकही नाही. "त्याला काय झालंय?" हे सासूबाईंचं उत्तर. आमच्या सोबतच्या सिस्टरनी समजावून दोघांना तपासणीला पाठवलं. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हते. ड्रिलिंग कितीही उत्तम झालं असतं तरी त्या घरात पाळणा हलला नसता, आणि दोष पुन्हा तिच्याच पदरात पडला असता. तपासणीला लागतो एक दिवस, खर्च काही शे रुपये. तरी चार वर्षं कुणी ती करून घेतली नव्हती.

संमतीपत्रावर सही सुनेची असते. निर्णय मात्र सासू, नणंद, आत्या आणि शेजारच्या काकू घेतात. मंडळी, पोट तिचं आहे. टाके तिला पडणार आहेत. डॉक्टरांच्या खोलीत तिला आणि तिच्या नवऱ्याला जाऊ द्या, बोलू द्या, नको म्हणायचं असेल तर म्हणू द्या. वय तिशीच्या आत असेल तर दोन महिने विचाराला घेतल्यानं काही बिघडत नाही.

ज्येष्ठ मंडळींना एक विनंती करून थांबतो. चार दिवसांनी गौरी बसतील. हळदीकुंकवाला सुना-लेकी येतील. ओटी जरूर भरा, पण "काय ग, गोड बातमी कधी?" हा प्रश्न या वर्षी कुणी विचारू नका. ज्यांना सांगायचं असेल त्या स्वतःहून पेढे घेऊन येतील.

गणपती बाप्पा मोरया!