सुगंधाची किंमत कोण मोजतं?

(वस्तीतील महिला मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी वीस वर्षं चार घरची धुणीभांडी, लादी-संडास करते. फिनेलचा वास दरवळला नाही, तर वहिनी म्हणतात, "आज पुसलं नाहीस वाटतं." एकदा बंद संडासात मी ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकली. डोळ्यांची आग झाली, श्वास कोंडला. ही दोन्ही मिसळली की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे मला दवाखान्यात कळलं. बाटली हातात देणाऱ्या कुणीही ते आधी सांगितलं नव्हतं. वर माझा त्या दिवसाचा खाडा धरला.

घरी तरी काय? एक खोली, एक खिडकी, तीही डासांमुळे बंद. सकाळी उदबत्ती, संध्याकाळी धूप, रात्रभर कॉइल. मुलीला दमा. ती रात्री उठून बसायची, तेव्हा सासूबाई मला बोलायच्या, "गार खायला देतेस ना!" उशाशी जळणाऱ्या कॉइलकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एका कॉइलमधून निघालेले बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. धुरात फॉर्मल्डिहाइडही होतं. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं. लिंबाच्या वासाच्या फवाऱ्यातली काही द्रव्यं हवेतल्या ओझोनशी मिळूनही तेच तयार होतं. म्हणजे धूर दिसला नाही, तरी धोका असतोच.

मी देवपूजा बंद करा म्हणत नाही. उदबत्ती लावताना दार-खिडकी उघडा. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. आम्ही लावली. मुलीचा दमा गेला नाही, पण आता बऱ्याच रात्री तिला झोप लागते.

पण हे एकेकटीनं निभावण्यासारखं नाही. कामाच्या घरी आपण सगळ्यांनी मिळून सांगू या : संडास धुताना खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत, दोन औषधं एकत्र करणार नाही, त्रास झाला तर खाडा धरायचा नाही. आणि कंपन्यांनी बाटलीवर नुसतं 'सुगंध' न लिहिता आत काय आहे ते मराठीत लिहावं.

घर स्वच्छ आहे याचा पुरावा आपल्या छातीतून का द्यायचा?