घरात राहतं कोण?



 विमा व्यवसायाच्या परिषदेत अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती आज मी पाळणार नाही. प्रीमियमचे आकडे तुम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर आहेतच. मी एकाच गिऱ्हाइकाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे घर किंवा गाळा भाड्याने देणारा माणूस.

हा माणूस कोण? कोथरूडच्या फ्लॅटच्या भाड्यावर औषधपाणी भागवणाऱ्या निवृत्त शिक्षिका, हिंजवडीजवळ दुसरा फ्लॅट घेऊन भाड्यातून हप्ता फेडणारं जोडपं, परदेशात राहून इथली जागा भावाच्या भरवशावर सोडलेला मुलगा, चिपळूणच्या बाजारपेठेत वडिलोपार्जित गाळे असलेलं कुटुंब. यांच्यापैकी कुणालाही विचारा, घराचा विमा आहे का? उत्तर ठरलेलं असतं: "कर्जाबरोबर बँकेने काढलाय ना!" कागद उघडून पाहिला की अनेकदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. घर जळलं तर त्यातून दमडी मिळणार नाही. ज्यांच्याकडे खरोखर घराचा विमा होता, त्यांच्यातल्या कित्येकांचा कर्ज फिटलं तसा संपला. बँकेचा तगादा थांबला आणि नूतनीकरणही थांबलं.

मित्रहो, माझं म्हणणं थोडक्यात असं: भाड्याने दिलेलं घर ही राहत्या घराहून वेगळी जोखीम आहे. तिचा विमा भाडेकराराच्या वेळीच, करार समोर ठेवून उतरवला गेला पाहिजे.

साधन आपल्या हाती आहे. विमा नियामकाने ठरवून दिलेली 'भारत गृह रक्षा' पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं तिच्यात आहे. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आतल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. रक्कम कमी लावली म्हणून दावा त्या प्रमाणात कापण्याची जुनी पद्धतही यात नाही.

तरी मालक पहिल्याच पायरीवर बिचकतो. "ऐंशी लाखांचा फ्लॅट, हप्ता किती येईल हो?" त्याला बाजारभाव आणि बांधकाम खर्च यातला फरक आपणच समजावायचा आहे. जमीन जळत नाही. 650 चौरस फूट चटई क्षेत्र आणि फुटाला 2,500 रुपये बांधकामाचा दर धरला, तर विमा रक्कम होते 16 लाख 25 हजार. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की त्याची भीती निम्म्याने उतरते.

आता प्रस्ताव अर्जाकडे वळू. घरात मालक राहतो की भाडेकरू, या प्रश्नाशी आपला प्रतिनिधी क्षणभरही थांबत नाही. गिऱ्हाईक चहा सांगायला आत गेलेलं असतं, तेवढ्यात 'स्वतः' या चौकटीत खूण पडलेली असते. पुढे दाव्याच्या वेळी नोंदणीकृत करार समोर येतो, त्यावर भाडेकरूचं नाव असतं आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. घर मध्येच भाड्याने दिलं, वापर बदलला, तर कंपनीला कळवण्याची जबाबदारी विमाधारकाची आहे. पण ती जबाबदारी आहे हे त्याला सांगायचं कुणी? आपणच.

भाड्याचं काय? विम्यात सामील असलेल्या संकटामुळे घर राहण्याजोगं उरलं नाही, तर बुडालेल्या भाड्याची भरपाई देण्याची सोय या पॉलिसीत आहे. किती रकमेची आणि किती काळाची, हे शेड्यूलवर बोट ठेवून दाखवा. निवृत्त शिक्षिकेला भिंतीइतकीच चिंता दर महिन्याला खात्यात जमा होणाऱ्या रकमेची असते. त्याच वेळी हेही स्पष्ट सांगा की भाडेकरू मिळाला नाही, त्याने भाडं थकवलं किंवा तो जागा सोडेना, तर ही पॉलिसी कामाची नाही. झिजलेली वायरिंग, भिंतीची ओल यांचे पैसे मिळत नाहीत. नुसती घरफोडीही मूळ संरक्षणात नाही. विमित दुर्घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीच तेवढी धरली जाते. सज्जाचं प्लास्टर वाटसरूच्या डोक्यात पडलं, तर त्या दायित्वासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. हे आधी सांगितलं तर गिऱ्हाईक तुटत नाही. दावा नाकारल्यावर कळलं तर मात्र कायमचं तुटतं.

कायदाही याच दिशेला बोट दाखवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची, चुकल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. कलम 14 प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर दुरुस्तीही मालकाकडेच. लीव्ह अँड लायसन्समध्ये जागाच नष्ट झाली की परवाना संपतो आणि भाडं बंद होतं. जुन्या भाडेकरूचं गणित उलटं आहे. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शहा रतनसी खिमजी प्रकरणात सांगितलं. म्हणजे एका मालकाचं उत्पन्न जातं, दुसऱ्याच्या डोक्यावर भिंतींशिवायही भाडेकरूचा हक्क राहतो. दोघांनाही पुन्हा बांधायला पैसा लागतोच.

आणि भाडेकरू? 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारात पाणी शिरलं, तेव्हा गाळ्यातला माल भाडेकरू व्यापाऱ्याचा गेला आणि गाळा मालकाचा खराब झाला. पाणी एकच, नुकसान दोघांचं, म्हणून पॉलिसीही दोन हव्यात. मालकाच्या विम्यात भाडेकरूचा टीव्ही येत नाही, की दुकानदाराचा माल येत नाही. घरातल्या भाडेकरूला केवळ सामानाची भारत गृह रक्षा घेता येते. गाळ्यासाठी आणि मालासाठी, पाच कोटींपर्यंत, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. शिवाय भाडेकरूच्या निष्काळजीपणाने आग लागली, तर मालकाला भरपाई देऊन कंपनी ती भाडेकरूकडून वसूल करू शकते. "मालकाचा विमा आहे, मला काय त्याचं" असं म्हणणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, करार नोंदवून देणाऱ्या एजंटांशी आणि वकिलांशी आपण दोस्ती करू. बोटाचे ठसे घेतले जातात त्याच बैठकीत विम्याचा विषय निघू दे. दुसरी, कराराच्या परिशिष्टात पंखे, गीझर, कपाटं, एसी अशी यादी असते. तिची प्रत आणि चार फोटो पॉलिसीच्या फायलीत लावा. मालकाच्या सामानाचा याहून चांगला पुरावा दाव्याच्या वेळी शोधून सापडत नाही. तिसरी, अकरा महिन्यांनी करार बदलतो तेव्हा मालकाला एक फोन करा. भाडेकरू बदलला का, घर रिकामं आहे का, भाडं किती झालं, एवढंच विचारा.

मालक खर्चाचं कारण सांगेल. त्याला आठवण करून द्या: पालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या घरभाड्यावर आयकरात 30 टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च झालेला असो वा नसो. विम्याच्या हप्त्याची वेगळी वजावट नाही हे खरं, पण या 30 टक्क्यांतला एक छोटासा तुकडा त्याने घर सांभाळायला वापरायला काय हरकत आहे?

आपल्या धंद्यात उद्दिष्टं महिन्याची असतात, तर भाड्याच्या घराचा मालक वर्षानुवर्षं टिकणारा असतो. पुढच्या परिषदेत प्रत्येक शाखेने एकच आकडा आणावा: आपल्या किती घरविमा पॉलिसींवर भाडेकरूची खरी नोंद आहे. आज तो आकडा सांगता येईल अशी शाखा या सभागृहात असेल, तर तिने हात वर करावा. हात दिसत नाहीत, तेव्हा कामाला कुठून सुरुवात करायची हे ठरलं.