एसीची काळी कॉइल
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मे महिन्यात महावितरणचं बिल आलं की आपण एसीला नावं ठेवतो. पण खरा चोर आत बसलेला असतो, धुळीनं भरलेली जाळी आणि कॉइल. कॉइल सतत ओली. ओल आणि धूळ एकत्र आली की बुरशी धरते. तिचा थर चढला की गारवा कमी, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालू, मीटर जोरात. आणि तीच हवा नातवंडं श्वासात घेतात.

मोठ्या इमारतींत यावर अतिनील दिवे लावतात. २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी प्रकाश कॉइलवर पडत राहिला की बुरशी वाढत नाही. घरच्या स्प्लिट एसीत मात्र असा दिवा स्वतः बसवायला जाऊ नका. त्यानं डोळ्यांना, कातडीला इजा होते. शिवाय दिवा धूळ झाडत नाही. ते काम आपलंच!

म्हणून जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. कॉइल आणि ड्रेन पाइप वर्षातून दोनदा तपासून घ्या. तापमान २४ वर ठेवा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो.

शेवटी एक विनंती. आउटडोअर युनिटसाठी छज्जावर उतरणाऱ्या मुलाला सेफ्टी बेल्टशिवाय उतरू देऊ नका. सर्व्हिसिंगच्या चार पैशांसाठी कुणाचं पोर पणाला लावायचं नाही. सगळ्या घरांचा मिळून एकच वार्षिक करार केला, तर बेल्टची अट त्यातच घालता येईल. येत्या वार्षिक सभेत हा विषय घेऊ या.