भातखाचरातील ताप आणि आपली आरोग्यसेवा

(मालवण तालुक्यातील खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कृषिविद्येच्या माणसाने बियाणे, खते आणि लागवडीचे अंतर यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र मी तापाविषयी बोलणार आहे. भाताच्या उत्पादन खर्चात आपण बियाणे, खत, मजुरी आणि पॉवर टिलरचे भाडे धरतो. ऐन लावणीत घरातला कर्ता माणूस आठ दिवस अंथरुणाला खिळला, तर तो खर्च कोणत्याच रकान्यात येत नाही.

याला कारण घरचेच आहे. काही वर्षांपूर्वी लावणी आटोपताच माझ्या काकांना ताप आला. पोटऱ्या दुखत होत्या. चिखलात राबल्याने दुखत असतील, असे सर्वांनी धरले. दुकानातून गोळी आणली, ताप उतरला, पुन्हा चढला. सहाव्या दिवशी डोळे पिवळे दिसले आणि लघवी कमी झाली. तेव्हा धावपळ सुरू झाली. लेप्टोस्पायरोसिस असल्याचे निदान झाले, पण उशीर झाला होता. काका वाचले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर फळीवरच्या डब्यामागे गोळ्यांचे पाकीट सापडले. आशाताईंनी लावणीआधी दिलेल्या त्या गोळ्या होत्या. एकही खाल्लेली नव्हती. काकी म्हणाल्या, "ते म्हणत, मी बरो आसंय, मग गोळी कित्याक खांव?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. गोळी घरापर्यंत आली होती, तिचे कारण आले नव्हते. आमच्या शिफारशींचेही असेच होते. पत्रक वाटले म्हणजे तंत्रज्ञान पोहोचले, असे आम्ही समजतो. आरोग्यसेवा काय किंवा कृषिविस्तार काय, देणारा आणि घेणारा एकमेकांशी बोलले नाहीत तर काम अर्धेच राहते.

पावसाळ्यातील शत्रू : लेप्टो

लेप्टोचे जंतू उंदीर, घुशी, तसेच गुरे व कुत्रे यांच्या लघवीतून खाचरातल्या पाण्यात येतात. पायाला चीर असेल, चिखल्या झाल्या असतील किंवा डोळ्यांत पाणी उडाले, तर ते शरीरात शिरतात. बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. डोके दुखते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या विशेष दुखतात. कावीळ, लघवी कमी होणे व धाप लागणे ही धोक्याची लक्षणे होत.

'बरा असताना गोळी का?' याचे उत्तर आपल्याला नवे नाही. बियाण्याला आपण पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करतो. तेव्हा रोग दिसत नसतो, पण तो येणार हे माहीत असते. डॉक्सीसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर, चिखलातले काम असेपर्यंत घ्यावयाची असते. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि आठ वर्षांखालील मुले यांना ती देऊ नये. आरोग्य सेविकेला किंवा डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी. गोळी घेऊनही ताप आला तर दुकानाकडे न वळता आरोग्य केंद्रात जावे आणि "मी खाचरात काम करतो" हे आपण होऊन सांगावे. त्या एका वाक्याने डॉक्टरांचा तपास योग्य दिशेने जातो.

गमबूट वापरा, असे सांगणे सोपे आहे. पण चिखलणीत तो रुतून बसतो हे मलाही ठाऊक आहे. म्हणून बांधावर आणि गोठ्यात गमबूट वापरावा. खाचरात उतरताना जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि घरी येताच साबणाने हातपाय धुवावेत.

उंदीर एकट्याने मरत नाहीत

एकाने औषध घातले तर शेजारच्या मळ्यातले उंदीर दोन दिवसांत येतात. म्हणून संपूर्ण वाडीने एकाच वेळी, पाऊस सुरू होण्यापूर्वी नियंत्रण करावे. संध्याकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी उघडलेली बिळे तेवढी चालू समजावीत. दोन-तीन दिवस नुसती भरड व तेल ठेवून उंदरांना चटक लावावी. नंतर ९६ भाग भरड, २ भाग गोडे तेल व २ भाग झिंक फॉस्फाईड काठीने मिसळून आमिष बिळात टाकावे. हे जहाल विष आहे. हातमोजे वापरावेत, मुले व गुरे दूर ठेवावीत आणि मेलेले उंदीर हाताने न उचलता खोल पुरावेत.

उन्हाळ्यातील शत्रू : माकडताप

मालवणच्या किनाऱ्याला हा रोग दूरचा वाटेल, पण आपल्याच जिल्ह्याचा तो अनुभव आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. जानेवारी २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर गावात तो आढळला आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात पसरला. काजूच्या बागेत जाणारे, गुरे चारणारे व पातेरा गोळा करणारे लोक त्याला अधिक बळी पडले.

गोचिडीच्या चाव्यातून हा विषाणू येतो. डिसेंबर ते मे हा जोखमीचा काळ. एकाएकी भरणारा जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी व कधी रक्तस्राव ही लक्षणे होत. यावर खास औषध नाही. पूर्वी दिली जाणारी लस परिणामकारक ठरत नसल्याने २०२२ मध्ये थांबविण्यात आली. त्यामुळे प्रतिबंध हाच आधार. अंगभर कपडे घालावेत, आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीड प्रतिबंधक तेल लावावे, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी.

मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये. त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून नवा आश्रय शोधत असतात. त्वरित आरोग्य केंद्राला व वनखात्याला कळवावे, म्हणजे सभोवतालच्या परिसरात औषध मारता येते. कीड सर्वेक्षणात पहिला पिवळा शेंडा टिपणारा शेतकरी जे काम करतो, तेच काम येथे पहिली खबर देणारा माणूस करतो.

आमच्या शास्त्राचा वाटा

राब भाजण्यासाठी आपण पातेरा गोळा करतो तो नेमका गोचिडींच्या हंगामात. राब न भाजता गादीवाफ्यावर शेणखत घालून सशक्त रोपे तयार होतात. पातेऱ्यासाठी रानात जाण्याच्या फेऱ्याही वाचतात. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात चिखलणी व लावणीच नसते. यंत्राने लावणी केल्यास चिखलात उभे राहण्याचे तास घटतात. मजुरी वाचते म्हणून या पद्धती सांगितल्या जातात. आरोग्यासाठीही त्यांचा विचार व्हावा.

ग्रामसभेचे वेळापत्रक

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आल्या आणि गावोगावी ग्राम आरोग्य समित्या स्थापन झाल्या. २००७ पासून महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. आपल्या केंद्राची स्थिती लोकांनी पाहावी आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडावी, अशी ती पद्धत. तक्रार मांडायला अधिकृत जागा मिळाली, हा तिचा मोठा लाभ.

आपल्याला नवीन सभा भरविण्याची गरज नाही. १ मेच्या ग्रामसभेत विचारा : लेप्टोच्या गोळ्या आल्या का, उंदीर नियंत्रणाचा दिवस ठरला का? १५ ऑगस्टला विचारा : गावात तापाचे रुग्ण किती आणि ते किती दिवसांनी केंद्रात पोहोचले? २ ऑक्टोबरला गोचीड प्रतिबंधक तेलाची मागणी नोंदवा. २६ जानेवारीला मेलेल्या माकडांची खबर कोणाला द्यायची, तो दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहून घ्या. डॉक्टरांचे पद रिक्त असेल तर तसा ठराव करा. नुसते पारावर बोलून पद भरले जात नाही.

सिंधुदुर्गाला हे अवघड नाही. २०१६ मध्ये देशातील सपाट प्रदेशातील सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून आपली निवड झाली, ती घराघरांतील लोकांनी मनावर घेतल्यामुळे.

जाता जाता एकच विनंती. आज घरी गेल्यावर फळीवरच्या डब्यामागे पाहा. गेल्या वर्षीचे पाकीट तसेच पडले असेल, तर ती जुनी गोळी खाऊ नका. ते पाकीट घेऊन आशाताईंकडे जा आणि निःसंकोच विचारा, "मी बरो आसंय, मग गोळी कित्याक खांव?" त्या उत्तर देतील. माझ्या काकांनी हा प्रश्न घरातच विचारला, एवढेच त्यांचे चुकले.