कॉस्प्ले: पोशाखाच्या सांध्यांवरची कारागिरी

1939 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील माणसांचे वेश करून वावरले, आणि ते दोन्ही पोशाख डग्लसबाईंनीच तयार केलेले होते. कथेतील पात्राचा वेश स्वतः घडवून तो मिरवण्याच्या ज्या छंदाला आज ‘कॉस्प्ले’ म्हणतात, त्याची ही एक ठळक सुरुवात मानली जाते. त्या काळी सुईदोऱ्यावर भागत असे; आता मात्र उजळणारे चिलखत घडवू पाहणाऱ्यास शिवण, ओतकाम, रंगकाम, झाळकाम आणि संगणकीय आज्ञावली यांच्याशी एकाच वेळी झुंजावे लागते.

यांतील पहिली अडचण भूमितीची असते. शरीर गोलाईचे आणि कापावयाचा पत्रा सपाट, म्हणून अंगाभोवती पातळ प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर चिकटपट्ट्यांचे थर दिले जातात, हव्या त्या रेषा आखल्या जातात आणि ते कवच कापून उलगडले असता बेतण्यासाठी नमुना मिळतो. जेथे तो सपाट बसत नाही तेथे चीर द्यावी लागते. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो तो याच कारणाने. पुढे ईव्हीए फोम, म्हणजे व्यायामाच्या जाड चटयांत आढळणारे स्पंजासारखे हलके प्लॅस्टिक, गरम हवेने मऊ करून वाकवले जाते. थंड झाल्यावर ते तो आकार धरून ठेवते.

खरी कसोटी विजेची असते. पट्टीवर बसवलेल्या आधुनिक रंगीत एलईडीत लाल, हिरवा व निळा असे तीन दिवे आणि त्यांना आज्ञा देणारी चिप एकत्र असते, त्यामुळे प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे ठरवता येतो. 5 व्होल्टवर चालणारा असा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे 60 मिलिअँपिअर प्रवाह घेऊ शकतो, म्हणजे 100 दिव्यांना 6 अँपिअर लागतील, आणि एवढा प्रवाह साध्या पॉवर बँकेला झेपत नाही. शिवाय लांब, बारीक वाहकात दाब घटत जातो. निळ्या दिव्याला लालपेक्षा अधिक दाब लागत असल्याने पट्टीच्या टोकाकडचा पांढरा रंग पिवळसर, मग तांबूस होऊ लागतो. नवशिका अशा वेळी आज्ञावलीत चूक शोधत बसतो, वस्तुतः दोष तांब्याच्या जाडीत असतो. उपाय म्हणजे पट्टीला दोन्ही टोकांनी वीज पुरवणे आणि उजेड आवरता ठेवणे. काळोख्या सभागृहात पूर्ण झगमगाट तसाही डोळ्यांना बोचतो.

या विद्या एकेकट्या शिकणे फारसे कठीण नाही; त्या जेथे एकमेकींना भेटतात तेथे पोशाख मोडतो. कोपरापाशी तार वारंवार वाकते आणि झाळणीचे कथील धाग्यांत शिरून तिचा जेवढा भाग ताठ होतो, त्याच्या कडेलाच ती तुटते. म्हणून अनेक बारीक धाग्यांची लवचिक तार वापरून सांध्यावर तिला ढील देणे, हे शिंप्याचे शहाणपण विजेच्या कामात आणावे लागते. फोममधून हवा खेळत नसल्याने आत घाम साचतो, म्हणून विद्युतघट शरीरापासून दूर, सहज काढता येईल अशा खिशात ठेवून त्याच्या मार्गात फ्यूज घालणे श्रेयस्कर ठरते. आतले कापड धुवावे लागणार असल्याने दिव्यांची जोडणी त्यावर कायमची शिवून टाकणे गैरसोयीचे असते. जाणते कारागीर ती बटणांनी आणि जोडखुंट्यांनी सुटी राहील अशीच पहिल्यापासून बेततात.